रेडिओ मेला म्हणणाऱ्या फॉरवर्डला किनाऱ्यावरून उत्तर

गणपतीच्या आठ दिवस आधी आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मजकूर पडला. तुमच्याकडेही आला असेल, कारण त्यावर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का होता. थोडक्यात तो असा: रेडिओ हा मेलेला विषय आहे. नॉर्वेने 2017 सालीच तो बंद केला. मीडियम वेव्हचे मनोरे एकरच्या एकर जमीन अडवून बसलेत, ते पाडा, एफएम पुरे. लहरींचं विज्ञान शंभर वर्षांपूर्वी पूर्ण झालं, तरी विद्यापीठं त्यावर पीएचड्या वाटतात. संकटात मोबाईल आहेच. आणि कार्यक्रमांवरचं संशोधन म्हणजे ‘आवडला का’ विचारत फिरणं. खाली अण्णांनी, म्हणजे माझ्या मोठ्या चुलतभावाने, मुंबईहून स्वतःची ओळ जोडली होती: ‘आणि आपल्या कोकणात तर या विषयाचा संबंधच काय?’

ही शेवटची ओळ माझ्या भाचीला उद्देशून होती, हे ग्रुपवरच्या सगळ्यांना कळलं. ती भौतिकशास्त्रात एमएस्सी करतेय आणि पुढे आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवर, काम करायचं म्हणते. मी सव्वीस वर्षं रत्नागिरीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. अण्णांना फोनवर काही समजावायला गेलं की ‘बरं बरं, पाऊस काय म्हणतो तिकडे’ असं विचारून विषय बदलतात. म्हणून लिहून काढतो.

नॉर्वेचं आधी उरकू. नॉर्वेने 2017 मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम प्रसारण थांबवलं ते त्या वाहिन्या डिजिटल रेडिओवर नेण्यासाठी. बहुतेक छोटी स्थानिक केंद्रं तर एफएमवरच राहिली. घर बदललं म्हणून माणूस वारला असं आपण म्हणत नाही. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकाने 2024 च्या अखेरीला एफएम बंद केलं, तेव्हा त्याचे श्रोते चांगलेच घटले. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ते मात्र वगळलंय.

मनोऱ्यांचा मुद्दा खरा महत्त्वाचा, कारण तो ऐकायला पटणारा आहे. एफएमचा आवाज स्वच्छ असतो, मग ही मीडियम वेव्हची खरखर कशाला? अण्णा, तुम्ही दरवर्षी गाडीने येता. महामार्गावर एखादं एफएम स्टेशन लावा आणि वळणं मोजा. घाटमाथ्यावर खणखणीत, वळसा घेऊन खाली उतरलं की फरफर, नदी ओलांडली की गायब, पुन्हा चढ लागला की गाण्याचं शेवटचं कडवं. एफएमच्या लहरीची लांबी तीनेक मीटर. ती जवळपास नजरेसारखी सरळ जाते. शंभर मीटर उंच मनोऱ्यावरून सपाट जमिनीवर ती चाळीसेक किलोमीटर पोचेल, पण सपाट जमीन आपण आणायची कुठून? आपल्या वाड्या दोन टेकड्यांच्या बेचक्यात, खाडीच्या कुशीत बसलेल्या. आकाशवाणी रत्नागिरी मीडियम वेव्हवर 1143 किलोहर्ट्झला लागतं. त्या लहरीची लांबी 262 मीटर. एवढी लांब लहर टेकडीला अडखळत नाही, जमिनीला धरून वाकते आणि पलीकडच्या वाडीत उतरते.

तीही सगळीकडे सारखी जात नाही. जमीन जितकी चांगली वीजवाहक, तितकी ही लहर दूर जाते, आणि कोरडा कातळ या बाबतीत दरिद्री. समुद्राचं खारं पाणी त्याच्या हजारपट बरं. म्हणजे सड्यावर, आपल्या कातळी पठारावर, जी लहर धापा टाकते, तीच पाण्यावर पडली की सुसाट सुटते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका तांडेलाच्या, म्हणजे मासेमारी बोटीच्या कप्तानाच्या, केबिनमध्ये मी हे पाहिलंय. नायलॉनच्या दोरीने टांगलेला जुना ट्रान्झिस्टर, सेलच्या झाकणाऐवजी सायकलच्या ट्यूबचं रबर ताणून बसवलेलं. बंदरात इंजिन, दिवे आणि बर्फाच्या कारखान्याची मोटर यांच्या गोंगाटात त्यातून नीट काही येईना. बोट समुद्रात जाऊन मोबाईलचा शेवटचा दांडा गेला तेव्हा मात्र त्यावरच्या बातम्या पडवीत बसून ऐकाव्यात इतक्या साफ येत होत्या. आवाज पडला की तांडेल सेट जरा तिरका फिरवी. आतल्या, लहर पकडणाऱ्या फेराइटच्या दांडीला दिशा असते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि ती ‘अडवलेली’ जमीन रिकामी नसते. मीडियम वेव्हच्या मनोऱ्याभोवती जमिनीखाली तांब्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या असतात. मनोरा हा अँटेनाचा अर्धा भाग, उरलेला अर्धा मातीत. तारा कमी पडल्या तर ट्रान्समीटरची शक्ती लहरीत न जाता माती तापवण्यात जाते. हे 1937 मध्ये ब्राउन, लुइस आणि एपस्टाइन या अमेरिकी अभियंत्यांनी शेतात तारा पुरून, मोजून दाखवलं. आपल्या जांभ्यासारख्या जमिनीवर तर ते जाळं आणखी महत्त्वाचं. वरून गवत दिसतं म्हणून प्लॉट पाडायला निघालेल्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

खरखर आहे, हे मात्र नाकबूल करत नाही. घराघरातले एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर हे सगळे मीडियम वेव्हच्या पट्ट्यातच कचरा टाकतात. आमच्याकडे वीज गेली की रेडिओ एकदम साफ होतो. आमची ही म्हणतेसुद्धा, ‘लाईट गेली वाटतं, बातम्या नीट ऐकू येतायत.’ हा दोष प्रसारणाचा नाही, स्वस्त चार्जरचा आहे.

आता ‘विज्ञान पूर्ण झालं’. सगळ्यात चीड या वाक्याची आली.

मे अखेरीस रेडिओ ऐकताना मध्येच कड्कड् असा आवाज येतो, आभाळ अजून स्वच्छ असतं, आणि तासाभराने सह्याद्रीकडून ढग चढतात. माझे वडील तो आवाज ऐकून खळ्यातली आमसुलं उचलायला सांगायचे. वीज पडते तेव्हा ती स्वतःच एक ट्रान्समीटर असते, शेकडो किलोमीटर ऐकू जाणारा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ठिकठिकाणी हे रेडिओ स्पंद पकडणारे संवेदक बसवले. स्पंद कुठे किती वेळाने पोचला यावरून वीज कुठे पडली ते काढतात, आणि ते ‘दामिनी’ ॲपवर दिसतं. अण्णांच्या स्वतःच्या फोनवर ते ॲप आहे. वडिलांच्या कड्कड्पासून दामिनीपर्यंतचा रस्ता अशाच पीएचड्यांनी बांधलाय.

दुसरं उदाहरण आपल्या समोरच्या पाण्याचं. दुसऱ्या महायुद्धात मुंबईला 200 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातलं एक रडार होतं. त्या लहरी सरळ जाणाऱ्या, क्षितिजापलीकडचं त्यांना दिसू नये असं पुस्तक सांगतं. पण उन्हाळ्यात त्याच्या पडद्यावर अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटायचे, हजार मैलांहून दुरून. पावसाळा आला की ते नाहीसे व्हायचे. समुद्रालगतच्या दमट हवेवर कोरड्या गरम हवेचा थर बसतो, आणि त्या दोघांच्या सांध्याखाली लहर नळातल्या पाण्यासारखी अडकून वाहत राहते. हा नळ कधी तयार होतो, किती उंचीचा, केव्हा फुटतो, हे हवेवर ठरतं, आणि हवा दरवर्षी वेगळी. एफएमवर एखाद्या दुपारी भलतंच स्टेशन घुसतं ते यामुळे, आणि नौदलाच्या रडारला कुठे काय दिसेल, काय दिसणार नाही तेही यामुळेच. शंभर वर्षांपूर्वी पूर्ण झालेल्या विज्ञानात हा प्रश्न दरवर्षी मे महिन्यात नव्याने येतो, हापूससारखा.

आणि अण्णा, तुमची ती ‘कोकणात संबंधच काय’ची ओळ. तुम्ही लोकांना ‘अलिबागवरून आलायस का’ म्हणून चिडवता, तर अलिबागचंच सांगतो. मुंबईत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी कुलाब्याला 1840 च्या दशकापासून होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. विजेची ट्राम धावली की सुई थरथरणार. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी मग अलिबागची जागा धरली. तिथे लोखंड टाळून, पोरबंदरी दगडात इमारत उभी राहिली आणि 1904 पासून नोंदी सुरू झाल्या. जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळावा म्हणून 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालली. अशी चिकाटी आपल्याकडे हिशेबाच्या वहीतही क्वचित दिसते.

याचा रेडिओशी संबंध असा. जमिनीपासून शंभर किलोमीटरच्या वर, चुंबकीय विषुववृत्ताच्या बाजूने दिवसा एक विजेचा प्रवाह वाहतो. तो आपल्या देशाच्या दक्षिण टोकावरून जातो. त्याची ताकद काढायची तर तिरुनेलवेलीच्या चुंबकीय नोंदीतून अलिबागची नोंद वजा करतात. अलिबाग त्या प्रवाहाच्या पट्ट्याबाहेर आहे, म्हणून ते वजाबाकीसाठी नेमकं उपयोगी. जगभरच्या शोधनिबंधांत अलिबाग तीन इंग्रजी अक्षरांच्या खुणेने, एबीजी म्हणून, वावरतं. हा प्रवाह आणि त्याच्या वरचे थर बिघडले की उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी वाकतात, आणि तांडेलाचा जीपीएस खडकाची जागा थोडी चुकीची दाखवतो. हे काम करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था नवी पनवेलला आहे. तुमच्या घरापासून लोकलने जाता येईल.

‘संकटात मोबाईल आहेच’ याला उत्तर द्यायला 3 जून 2020 पुरे. निसर्ग वादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात विजेचे खांब ओळीने आडवे झाले. मोबाईलचा टॉवर उभा राहिला तरी त्याची बॅटरी काही तासांची. दापोलीकडच्या माझ्या मेहुणीच्या वाडीत दोन आठवडे वीज नव्हती, फोनसाठी माणसं डोंगरावर चढून जात. पंचवीस उंबऱ्यांच्या वाडीत चालू ट्रान्झिस्टर निघाला एकाच घरात. संध्याकाळी त्यावर मुंबईच्या बातम्या लागत, आणि आपल्या गावाचं नाव येतं का म्हणून माणसं पडवीत बसून राहत. नाव आलं नाही, असं ती सांगते. रेडिओ पोचतो पण आपल्याविषयी बोलत नाही, ही तक्रार रास्त आहे. ती अण्णांच्या फॉरवर्डमध्ये नाही.

मोबाईल हाही रेडिओच, हे बारावीच्या मुलांनाही ठाऊक असतं, त्यावर शब्द खर्चत नाही. बोट दूर गेली की फोन ठप्प, मग उरतो बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओचा सोळा नंबरचा चॅनेल, 156.8 मेगाहर्ट्झ, आणि इस्रोने बनवलेलं संकटसूचक यंत्र. त्याच्या पहिल्या पिढीत बटण दाबलं की हाक उपग्रहाकडे जायची, पण ती कुणी ऐकली का, हे बोटीवर कळत नसे. 2024 पासूनच्या नव्या पिढीत पोच परत येते. उलट्या बोटीला धरून बसलेल्या खलाशाला तो एक संदेश काय असेल, याचा विचार करा, आणि मग सांगा की यावरचं संशोधन फुकट.

राहिलं ‘कार्यक्रम आवडला का’वाल्यांचं. याचा जगभर सांगितला जाणारा दाखला मराठीच आहे. 1956 मध्ये आकाशवाणी पुणे आणि युनेस्को यांनी पाच मराठी जिल्ह्यांत प्रयोग केला. दीडशेच्या आसपास गावांत वीसेक जणांची श्रोतामंडळं, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेती-गावकीचा कार्यक्रम, ऐकून झाल्यावर तिथेच चर्चा, आणि चर्चेतले प्रश्न परत केंद्राकडे. मोजणी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केली. खरी अक्कल तुलनेत होती: मंडळं असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती स्पष्ट वाढली, नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारशी नाही. म्हणजे डबा देऊन भागत नाही, ऐकून भांडायला चार माणसं लागतात. हा निष्कर्ष रेडिओवाल्यांनाही सोयीचा नव्हता, तरी तो छापला गेला. नुसतं ‘आवडला का’ विचारून हे हाती लागलं नसतं.

एक गोष्ट मात्र मी अण्णांच्या पदरात टाकतो: सेट मिळत नाहीत. सरकारने 2023 मध्ये मोबाईल कंपन्यांना फोनमधलं एफएम चालू ठेवायला सांगितलं, पण मीडियम वेव्ह फोनमध्ये येतच नाही. मागच्या महिन्यात भाचीसाठी मी रत्नागिरीच्या बाजारात तीन दुकानं फिरलो. दोघांनी ब्लूटूथचा स्पीकर दाखवला, तिसऱ्याने माझ्याकडे पाहिलं. शेवटी वडिलांचाच जुना सेट माळ्यावरून काढला. सेल गळून आतली स्प्रिंग हिरवी झालेली, काट्याचा दोरा तुटलेला, आवाजाचं बटण फिरवलं की कचकच. स्प्रिंग घासली, दोरा मासेमारीच्या तंगूसाचा घातला. रात्री नऊला भाचीने काटा फिरवला तर रत्नागिरीच्या अलीकडे-पलीकडे कुठल्या कुठल्या भाषा दाटून आल्या, त्यात एक अरबी आवाज अगदी ठळक. दिवसा हे का नाही लागत, तिने मुद्दाम ग्रुपवर विचारलं. अण्णांनी अजून उत्तर दिलेलं नाही.