गणपतीला गावी निघताय ना? मग वाडीचा पत्ता सांगा बघू

गणपती जवळ आले की आम्हा कोकणवाल्या मुंबईकरांना रेल्वेचं आरक्षण, एसटीच्या जादा गाड्या आणि महामार्गावरचे खड्डे, याशिवाय दुसरा विषय नसतो. पोचायचं कसं यावर महिनाभर खल. पोचल्यावर कुणाला काही झालं तर काय, यावर अवाक्षर नाही. कुणी बोललंच तर घरातली मोठी माणसं डाफरतात, "सणासुदीचं कशाला अभद्र बोलतोस?"

मी बोलणार.

गावाकडच्या म्हाताऱ्यांना बॅटरी ठेवा, औषधं ठेवा असं शिकवायला आपण पुढे असतो. त्यांना सगळं ठाऊक आहे हो! ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या गावांनी वीज नाही, मोबाईल नाही असे दिवस काढलेत. अडाणी असतो तो आपण, मुंबईहून आलेला. एरवी दोन माणसांच्या घरात वीस-पंचवीस डोकी, त्यातल्या निम्म्यांना मेन स्विच कुठे आहे ते माहीत नाही. गणपतीवर टांगलेल्या माटवीभोवती एकात एक खोचलेल्या लायटिंगच्या माळा आणि खाली ओली लादी.

मला सगळ्यात धास्ती वाटते ती पत्रीची. पोरं दूर्वा आणि तेरडा आणायला जांभ्या दगडाच्या गडग्याच्या कडेने गवतात सरळ हात घालतात. फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, त्याच जांभ्याच्या फटीत बसलेलं असतं. जेमतेम हातभर, रंग मातीचा, दिसणार काय? आधी काठीने गवत हलवायचं, मग हात. आणि चावलंच तर दोरी आवळणं, ब्लेडने कापणं, तोंडाने विष ओढणं, मांत्रिक, सगळं बाद. चावलेला हात-पाय हलू न देता दवाखाना गाठायचा. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते, तेव्हा साप शोधून मारून पिशवीत भरून नेण्यात वेळ घालवू नका. ती लस जवळच्या आरोग्य केंद्रात आहे की थेट ग्रामीण रुग्णालयात जायचं, हे चतुर्थीच्या आधी दिवसाढवळ्या विचारून ठेवा.

आता पत्ता. ॲम्ब्युलन्ससाठी १०८ ला फोन लावलात की पलीकडून विचारतात, कुठे यायचं? "देवळाच्या पाठून वर या." कुठल्या देवळाच्या? वाडी वरची, मधली की खालची? गाडी कुठवर येते? इथे भल्याभल्यांची बोबडी वळते. म्हणून गाव, वाडी, तालुका, शेवटचा एसटी थांबा, गाडी पोचते तिथली खूण, १०८, आणीबाणीचा ११२ आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७, हे सगळं कागदावर ठळक लिहून ओटीवर चिकटवा. नुसतं मोबाईलमध्ये नको, वीज गेली की तो आधी मान टाकतो. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन-चार दिवस जास्तीच्या घ्या, दरड पडून रस्ता बंद झाला तर पंचाईत नको.

आणि दरडीचं बोललोच आहे तर सगळ्यात अवघड गोष्ट. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं आणि महाडजवळ तळिये दरडीखाली गेलं. गणपतीतही पाऊस असतोच. डोंगराला नवी भेग दिसली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर घर सोडावं लागतं. पण घरात मूर्ती बसलेली असताना उठायचं कसं? या वादात तासभर सहज जाईल, आणि तेवढा वेळ नसतो. म्हणून पहिल्या आरतीनंतर सगळे जमलेले असतानाच ठरवा: उठा म्हणायचं कुणी, जायचं कुठे, आजीला उचलायचं कुणी. माझं मत स्पष्ट आहे, बाप्पाला हात जोडायचे आणि माणसं बाहेर काढायची. आमच्या काकांना हे पटत नाही. यंदा परत भांडू.

विसर्जन झालं की आपण परत मुंबईला, मागे पुन्हा ती दोन माणसं. तेव्हा वाडीत ज्या पोराकडे रिक्षा आहे त्याच्या घरी मोदक घेऊन स्वतः जा, त्याचा नंबर घ्या आणि आपला द्या.