वुडवर्डचे निबंध मोजायचे की वाचायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

रॉबर्ट बर्न्स वुडवर्डवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. लिहिण्याआधी तुम्ही त्याच्या प्रकाशनांची यादी नीट चाळली आहे हे दिसतं, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून विषय मिटवणं मला पटत नाही. लेखात मी त्याला विसाव्या शतकातला सर्वांत मोठा सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: त्याच्या नावावर जेमतेम दोनशे प्रकाशनं, त्यातली निम्म्याहून जास्त अपुरी, बी-१२ जीवनसत्त्वाच्या संश्लेषणाचा (साध्या पदार्थांपासून ते प्रयोगशाळेत घडवण्याचा) पूर्ण निबंध कधी आलाच नाही, मलेरियावरच्या क्विनिनचं संश्लेषण मुळात झालंच नव्हतं, आणि कष्ट सगळे विद्यार्थ्यांचे. असा माणूस प्राध्यापक नेमणाऱ्या आजच्या निवड समितीसमोर टिकला असता का, असंही तुम्ही विचारलं आहे.

आकड्यांबद्दल वाद नाही. सुमारे २०० प्रकाशनं, त्यात ८५ पूर्ण निबंध, उरलेली प्राथमिक टिपणं (म्हणजे निकाल थोडक्यात जाहीर करणारे छोटे मजकूर), व्याख्यानं आणि आढावे. वुडवर्डच्याच हार्वर्ड विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञ ई. जे. कोरीची प्रकाशनं हजाराच्या वर गेली, हेही खरं. कोरी थोरच आहे, त्याच्याबद्दल मला एक शब्दही कमी बोलायचा नाही. पण या दोन संख्या शेजारी ठेवून काय सिद्ध होतं?

संश्लेषणाच्या कामात निबंधांची संख्या कशी ठरते ते पाहा. तीस टप्प्यांचा मार्ग धरा. प्रत्येक टप्प्यात ८० टक्के यील्ड (म्हणजे हाती आलेलं उत्पादन) मिळाला, म्हणजे उत्तमच मिळाला, तरी शेवटच्या टप्प्यानंतर मूळ मालाचा ०.१२ टक्के भाग हाती राहतो. पंचविसाव्या टप्प्यावर अभिक्रिया फसली की पुन्हा पहिल्या टप्प्यापासून माल चढवत आणावा लागतो. त्यात महिने जातात, आणि त्या महिन्यांचा निबंध होत नाही. कित्येक माणसांची काही वर्षं एका टिपणात मावतात. तेच लोक एखादी नवी अभिक्रिया घेऊन ती वीस वेगवेगळ्या रेणूंवर चालवून बघत असते, तर त्याच काळात निबंधांची रांग लागली असती. दोन्ही कामं गरजेची आहेत, पण त्यांना एकच मोजपट्टी लावता येत नाही.

शिवाय त्याची सर्वांत दूरगामी कामं आकाराने सर्वांत लहान आहेत. अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून असंतृप्त कीटोन या प्रकारच्या सेंद्रिय संयुगांची रचना ओळखण्याचे त्याचे नियम १९४१ आणि १९४२ मधल्या छोट्या निबंधांतून आले. तोवर रचना ठरवायची म्हणजे रेणू तोडत जायचा, तुकडे ओळखायचे आणि मागे तर्क करायचा. आता उपकरणावर घेतलेल्या एका मोजणीतून रचनेबद्दल ठोस काही सांगता येऊ लागलं. पुढे बी-१२ च्या कामात एका वलयाची घडण अपेक्षेच्या उलट दिशेने होते आहे असं दिसलं, त्या कोड्यातून १९६५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रोआल्ड हॉफमनबरोबर पाच टिपणं आली. अशी वलयं कोणत्या दिशेने घडतील हे सांगणारे, आज पदवीच्या वर्गात शिकवले जाणारे वुडवर्ड-हॉफमन नियम ते हेच. त्याच कामासाठी हॉफमनला १९८१ चं नोबेल मिळालं, तेव्हा वुडवर्डला जाऊन दोन वर्षं झाली होती. यादीत या पाच टिपणांचं वजन फक्त ‘५’ इतकंच भरतं.

आता तुमचा दुसरा आक्षेप, अपुऱ्या प्रकाशनांचा. इथे मी तुमच्या बाजूने आहे, आणि तुम्ही तो जितक्या सौम्यपणे मांडलात त्याहून जास्त जोराने मी मांडेन.

वुडवर्डच्या लिहिण्याचा वेग त्याच्या कामाच्या वेगाला कधीच गाठू शकला नाही. रिसर्पिन या वनस्पतिजन्य औषधाच्या संश्लेषणाचं टिपण १९५६ चं, पूर्ण निबंध १९५८ चा. हे ठीक झालं. स्ट्रिक्निन या वनस्पतिजन्य विषाचं टिपण १९५४ चं, जेमतेम तीन पानांचं. ‘टेट्राहेड्रॉन’ या नियतकालिकातला चाळीसेक पानांचा पूर्ण निबंध १९६३ मध्ये आला. नऊ वर्षं. क्लोरोफिलचं टिपण १९६० मध्ये आलं आणि प्रायोगिक तपशिलांसह साठ पानांचा निबंध आला १९९० मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी आणि वुडवर्डच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी. एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची टिपणं १९८१ ची, तीही मरणोत्तर, ४९ जणांच्या नावांनी. ते काम योशितो किशी या रसायनशास्त्रज्ञाने पुरं केलं. आणि बी-१२? झुरिकच्या रसायनशास्त्रज्ञ एशेनमोझरबरोबर, दोन्हीकडचे मिळून शंभराच्या आसपास सहकारी घेऊन १९७२ मध्ये पूर्ण झालेलं हे संश्लेषण. छापील रूपात मुख्यतः वुडवर्डची व्याख्यानं मिळतात. झुरिकच्या बाजूचे तपशील निदान डॉक्टरेटच्या प्रबंधांत नोंदले गेले. हार्वर्डच्या बाजूला पोस्टडॉक (डॉक्टरेटनंतर येऊन काम करणारे संशोधक) जास्त होते, आणि पोस्टडॉक प्रबंध लिहीत नाही. त्यांचे अहवाल अप्रकाशितच राहिले.

याला मी मोठं नुकसान मानतो. द्रावक कोणता होता, तापमान किती होतं, पदार्थ किती वेळात मिसळला, स्फटिक कशातून काढले, वितळणबिंदू काय आला, या माहितीशिवाय पुढच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातात फक्त रेखाटनं पडतात. योजनेचं सौंदर्य व्याख्यानातून पोचतं. अभिक्रिया पुन्हा करून बघायची तर प्रायोगिक भाग लागतो, आणि तो लिहून घेण्याची जबाबदारी गटप्रमुखाची असते. आज निबंधासोबतच्या पुरवणी माहितीत एनएमआरच्या (रेणूची रचना दाखवणाऱ्या चाचणीच्या) आलेखांची शेकडो पानं जोडावी लागतात, त्याबद्दल तरुण संशोधक कुरकुरतात. मला ती सक्ती योग्य वाटते.

पण ‘पूर्ण निबंध नाही’ म्हणजे ‘काम झालं नाही’ असं होत नाही, आणि क्विनिनच्या बाबतीत तुम्ही नेमकी तीच उडी मारली आहे. त्या प्रकरणाचा क्रम असा आहे. १९१८ मध्ये राबे आणि किंडलर या रसायनशास्त्रज्ञांनी क्विनोटॉक्सिन या मधल्या पदार्थापासून क्विनिन केल्याचं अगदी थोडक्यात प्रसिद्ध केलं. १९४४ मध्ये वुडवर्ड आणि त्याचा सहकारी डोअरिंग यांनी साध्या पदार्थांपासून क्विनोटॉक्सिनपर्यंतचा मार्ग पुरा केला आणि पुढच्या टप्प्यांसाठी राबे-किंडलरवर भिस्त ठेवली. दुसऱ्याने प्रसिद्ध केलेल्या दुव्याला आपला मार्ग नेऊन जोडणं ही त्या काळी मान्य रीत होती, आजही आहे. बी-१२ मध्येसुद्धा लक्ष्य कोबिरिक आम्ल हा अलीकडचा टप्पा होता, कारण तिथून बी-१२ पर्यंतचा रस्ता बर्नहाउअरच्या गटाने १९६० मध्येच दाखवला होता. युद्धामुळे जावामधल्या सिंकोनाचा (ज्याच्या सालीतून क्विनिन मिळतं त्या झाडाचा) पुरवठा तुटलेला, त्यामुळे वर्तमानपत्रांनी क्विनिनच्या बातमीचा गाजावाजा केला. त्या गाजावाज्यात ‘पुढचे टप्पे आम्ही स्वतः करून पाहिलेले नाहीत’ हे बाजूला पडलं. ते ठळकपणे सांगायला हवं होतं, हे मला मान्य आहे.

२००१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट स्टॉर्कने क्विनिनचं पहिलं पूर्णपणे स्टिरिओनियंत्रित (अणूंची अवकाशातली मांडणीही ताब्यात ठेवणारं) संश्लेषण केलं आणि १९४४ च्या दाव्याबद्दलच्या शंकेला बळ आलं. तुमची माहिती बहुधा इथपर्यंतची आहे. पुढे २००७ मध्ये जेफ्री सीमनने सगळी कागदपत्रं तपासून दीर्घ आढावा लिहिला आणि राबे-किंडलर खरं बोलत होते असा निष्कर्ष काढला. २००८ मध्ये कोलोराडो राज्य विद्यापीठातल्या स्मिथ आणि विल्यम्स यांनी जुन्याच पद्धतीने, आधुनिक साधनांची मदत न घेता, ते टप्पे करून दाखवले. क्विनिन मिळालं. अडचण त्या टप्प्यांत वापरायच्या अॅल्युमिनियमच्या पुडीत होती. ताजी पूड नीट काम करत नाही. हवेत राहून थोडी ऑक्सिडाइझ झालेली पूड लागते. १९१८ च्या त्रोटक निबंधात हे नव्हतं. एका ओळीचा तपशील राहून गेल्याने दोन नामवंतांच्या कामावर संशयाचं सावट राहिलं. तुमच्या दुसऱ्या आक्षेपाला याहून बळकट पुरावा मिळायचा नाही, पण क्विनिनबद्दलचा आक्षेप याच पुराव्याने पडतो.

विद्यार्थ्यांबद्दल थोडक्यात. नंतरच्या काळात वुडवर्ड स्वतः प्रयोगाच्या टेबलाशी क्वचितच उभा राहिला, हे खरं. पण हातांनी काम करणाऱ्यांची नावं त्याच्या निबंधांवर आहेत. स्ट्रिक्निनच्या तीन पानांच्या टिपणावर सहा नावं आहेत. नावं लपवली असती तर आक्षेप योग्य ठरला असता. त्याच्याकडे दोनशेहून अधिक डॉक्टरेटचे विद्यार्थी आणि पोस्टडॉक घडले, आणि मोठ्या संश्लेषणाची आखणी कशी करायची हे त्यांच्यामार्फत अनेक प्रयोगशाळांत पोचलं. प्रकाशनांच्या यादीत याला रकानाच नाही.

निवड समितीचं म्हणाल, तर आजच्या समितीने फक्त आकडे पाहिले तर तो कदाचित मागे पडेल. मग समितीने आकड्यांऐवजी निबंध वाचावेत, हीच माझी मागणी आहे. १९५० मध्ये हार्वर्डने त्याला पूर्ण प्राध्यापक केलं तेव्हा स्ट्रिक्निन व्हायचं होतं, क्लोरोफिल व्हायचं होतं, बी-१२ तर फारच दूर होतं. अतिनील नियम, क्विनिन आणि पेनिसिलिनच्या बीटा-लॅक्टम (चार अणूंच्या वलयाच्या) रचनेचा त्याने धरलेला आग्रह, एवढं वाचून निर्णय घेणारी माणसं तेव्हा तिथे होती.

तुम्ही स्वतः संश्लेषणात काम करता असं लिहिलं आहे, म्हणून एक विनंती. स्ट्रिक्निनचं १९५४ चं टिपण आणि १९६३ चा निबंध शेजारी ठेवून वाचा. केवळ टिपणाच्या आधारे कोणत्या टप्प्यावर तुम्ही अडला असता, ते इथेच खाली लिहा. मला ते खरंच जाणून घ्यायचं आहे.