तीन वर्षं झाली म्हणून टॅब फेकायचा नसतो

'तीन वर्षांपेक्षा जुना टॅब म्हणजे घरातला बॉम्ब' असा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्यात पाच मुद्दे आहेत. बॅटरी फुटते, म्हणून टॅब ताबडतोब कचऱ्यात टाका. अपडेट बंद होतात आणि बँकेचं खातं रिकामं होतं. कंपन्या जुनी यंत्रं मुद्दाम मंद करतात. जुन्या स्क्रीनने डोळे जातात. नवं मॉडेल दुप्पट वेगाने चालतं. म्हणून 'आजच बदला'.

हा मेसेज वाचून माझ्या मावशीने धडधाकट टॅब बंद करून गॅलरीत नेऊन ठेवला आणि मला फोन केला, "अगं, कचऱ्याच्या गाडीत दिला तर चालेल ना?" नाही, मावशी, अजिबात चालणार नाही. आणि मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य नेमकं तेच आहे.

लिथियम-आयन बॅटरी नुसत्या वयाने फुटत नाही, ती थकते. पूर्वी दोन दिवस पुरायची, आता एकच दिवस पुरते, एवढंच. युरोपीय संघाचा २०२३चा एक नियम आहे. २० जून २०२५पासून तिथल्या बाजारात येणाऱ्या फोनना आणि टॅबना तो लागू झाला. ८०० वेळा पूर्ण चार्ज होऊनही बॅटरीत मूळच्या किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, असं तो सांगतो. आयपॅडच्या बॅटरीसाठी ॲपल स्वतः १,००० वेळा असा आकडा देते. दिवसाआड पूर्ण चार्ज केला तरी ८०० व्हायला चार वर्षांहून जास्त लागतात. तेव्हाही बॅटरी संपत नाही, थोडी कमी पुरते.

धोक्याची खूण वय नाही, फुगवटा आहे. स्क्रीनची कड उचलली गेली, फटीतून उजेड दिसायला लागला, सपाट टेबलावर टॅब डुगडुगायला लागला, तर बॅटरी फुगली असं समजा. मग तो चार्ज करू नका, दाबून बसवू नका, टोचू नका. सरळ सर्व्हिस सेंटरला न्या. यातलं काही नसेल तर भिण्याचं कारण नाही. आणि कचऱ्यात? कचऱ्याच्या गाडीत सगळा माल दाबून चेपला जातो. बॅटरी चेपली की आतल्या दोन ध्रुवांमधला पातळ पडदा फाटतो, शॉर्टसर्किट होतं आणि आग लागते. कचरागाड्यांमध्ये अशा आगी खरोखर लागतात. म्हणजे जो स्फोट टाळायचा म्हणून हा मेसेज लिहिलाय, तो घडवून आणायची कृतीच तो लोकांना शिकवतोय. लिहिणाऱ्याने एवढाही विचार केला नाही याचा संताप येतो.

अपडेटचा मुद्दा अर्धा खरा आहे. सुरक्षा अपडेट बंद झालेल्या टॅबवर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे मान्य. पण ते तीन वर्षांनी बंद होतात हे कोणी सांगितलं? आयपॅड एअर २ हे मॉडेल २०१४चं. त्याला २०२५मध्येही सुरक्षा अपडेट मिळालं. वर सांगितलेल्याच युरोपीय नियमानुसार, मॉडेलची विक्री थांबल्यापासून पुढे किमान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. तीन वर्षांत यंत्र निकामी होत असतं तर असा नियम करण्यात अर्थच नव्हता. काही स्वस्त अँड्रॉइड टॅबची अपडेट मात्र खरंच लवकर थांबतात. त्यासाठी सेटिंग्जमध्ये 'टॅबलेटविषयी' उघडून शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती अलीकडची असेल तर विषय संपला.

कंपन्या मंद करतात, यातही थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. डिसेंबर २०१७मध्ये ॲपलने मान्य केलं की बॅटरी थकलेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअर कमी करतं. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसं केल्याचं कंपनीचं म्हणणं होतं. पण ते फोन होते, आणि त्यावर इलाज नवा फोन नव्हता, नवी बॅटरी होती. मावशीचा टॅब अडखळायचा तो साठवण काठोकाठ भरल्यामुळे. सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओ पुसले, टॅब बंद करून चालू केला, आणि लगेच फरक पडला.

डोळ्यांचं म्हणाल तर स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याचा पुरावा नाही, असं अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी सांगते. डोळे थकतात ते पापण्या कमी मिटल्यामुळे. नव्या टॅबकडे टक लावून बसलात तरी तेच होणार.

राहिला दुप्पट वेग. व्हिडिओ संपादन किंवा अनेक थरांची चित्रं काढणाऱ्याला तो जाणवेल, त्याने जरूर घ्यावा. वाचन, व्हिडिओ कॉल, बातम्या यांत तो कुठेच दिसत नाही. आणि बदलताना आधी जोडसामान तपासा: दुसऱ्या पिढीची ॲपल पेन्सिल, म्हणजे स्क्रीनवर लिहायचं पेन, २०२४च्या आयपॅड प्रोवर चालत नाही, म्हणजे टॅबसोबत पेन्सिलही नवी.

अपडेट खरंच थांबली असतील, लागणारं ॲप चालत नसेल, बॅटरी बदलून मिळत नसेल, तर घ्या नवा. मात्र जुना देण्याआधी हवं ते दुसरीकडे उतरवून घ्या, टॅबमधलं आपलं गूगल किंवा ॲपलचं खातं काढा, मग फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे आतलं सगळं पुसून टाका. खातं न काढता दिलात तर पुढच्या माणसाला तो उघडताच येणार नाही. चालत असेल तर कोणाला वापरायला द्या. बिघडला असेल तर ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.