तात्या, तो पिक्चर आधी बघा तरी

गेल्या पंधरवड्यात तो मजकूर मला चार ग्रुपवर आला. शाळेच्या, सोसायटीच्या, भिशीच्या, आणि एका 'जुनी गाणी' नावाच्या ग्रुपवर, जिथं गाणी सोडून सगळं असतं. मी चारही वेळा अंगठ्यानं वर ढकलला. पाचव्यांदा तो पलूसकडं माझ्या काकांच्या, तात्यांच्या मोबाईलवर दिसला. आणि तो वाचून तात्यांनी लाच मागणाऱ्याविरुद्ध लिहून तयार ठेवलेला तक्रारीचा अर्ज कपाटात टाकला होता. तेव्हा मात्र टाळकं सटकलं.

मजकूर थोडक्यात असा. 1955 साली अमेरिकेत 'द फिनिक्स सिटी स्टोरी' नावाचा ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर आला. शंभर टक्के सत्यकथा. छोटं गाव, जुगाराचे अड्डे, पोलीस विकलेले, पेपरवाले विकलेले, जनता मेंढरं. एक वकील उभा राहिला, त्याला गोळी घातली. मग लष्कर आलं. कोर्ट नाही, वकील नाही, तारखा नाहीत, चोवीस तासांत गाव साफ. वकिलाचा पोरगा गव्हर्नर (म्हणजे तिथला मुख्यमंत्रीच म्हणा) झाला आणि तिथं रामराज्य आलं. पुढं तात्पर्य: 'तक्रार करणारा मरतो. आपल्याकडं तर लाच देणाऱ्यालाच आत टाकतात. लष्कराशिवाय पर्याय नाही.' आणि आपल्याच भागातल्या कुणीतरी जोडलेली शेपटी: 'साताऱ्यात पत्री सरकारनं हेच केलं होतं!'

मी त्या रात्री जागून पिक्चर बघितला. हे लिहिणाऱ्यानं बघितलेला नाही, हे मी स्टँपपेपरवर लिहून देते.

आधी गाव समजून घ्या. फिनिक्स सिटी अलाबामा राज्यात, चॅटाहूची नदीच्या काठावर. पलीकडच्या काठाला कोलंबस शहर, ते जॉर्जिया राज्यात. म्हटलं तर आयर्विन पुलावरून सांगलीवाडीला जावं एवढंच अंतर, पण पूल ओलांडला की राज्य बदललं, कायदा बदलला. म्हैसाळ मागं टाकून कागवाडात शिरल्यासारखं. आणि कोलंबसला लागून फोर्ट बेनिंग, सैन्याची प्रचंड छावणी. फिनिक्स सिटीच्या अड्ड्यांचं मोठं गिऱ्हाईक कोण? ह्या छावणीतले जवान. पगार झाला की पूल ओलांडायचा आणि खिसा रिकामा करून परत यायचं. ज्या लष्कराची मजकुरात आरती ओवाळलीय, त्याच्याच पगारावर ते गाव नासलं होतं!

आता 'चोवीस तास, ना कोर्ट ना वकील'. सगळ्या मजकुराचं विष ह्या ओळीत आहे.

अल्बर्ट पॅटरसन हे ते वकील. राज्याच्या अॅटर्नी जनरल, म्हणजे मुख्य सरकारी वकील, ह्या पदाची पक्षाची उमेदवारी त्यांनी जिंकली होती, आणि गाव साफ करीन हे त्यांचं वचन होतं. 18 जून 1954 च्या रात्री ऑफिसमधून खाली उतरल्यावर त्यांना गोळ्या घातल्या. गव्हर्नरनं माणसं पाठवली, ती नॅशनल गार्डची, म्हणजे राज्याच्या हुकमतीतलं दल. लष्कर आलंच नाही. आणि शेरीफ (तिथला जिल्ह्याचा पोलीसप्रमुख) व पोलिसांना बाजूला सारून गावाचा ताबा घेतला तो 22 जुलैला. खुनाला महिना उलटून गेला होता. गार्ड तिथून हलले जानेवारी 1955 मध्ये. कुठले चोवीस तास?

बरं, ताबा घेऊन त्यांनी केलं काय? अड्डे बंद केले, यंत्रं जप्त केली, पुरावा गोळा केला. आणि पुढचं काम कोर्टाकडं गेलं. बाहेरगावचा न्यायाधीश आणला, सरकारी वकील बाहेरचे आणले, गावातल्या विकल्या न गेलेल्या माणसांची ग्रँड ज्युरी बसवली. ग्रँड ज्युरी म्हणजे खटला उभा राहण्याइतका पुरावा आहे की नाही हे ठरवणारे साधे नागरिक. ह्या ज्युरीनं 734 दोषारोप ठेवले. सातशे चौतीस! त्यात अड्डेवाले होते, पोलीस होते, निवडून आलेले पुढारी होते. इतकी कोर्टबाजी ज्या गावात झाली, त्याच गावाचं नाव घेऊन 'ना कोर्ट ना वकील' लिहायचं म्हणजे पंढरपूरला वारीच नसते म्हणण्यासारखं झालं.

खुद्द पिक्चरचा शेवट बघा. मारल्या गेलेल्या वकिलाचा मुलगा जॉन खलनायकाला पाण्यात बुडवून मारायला निघतो. त्याला अडवतो झीक नावाचा कृष्णवर्णीय कामगार, ज्याची स्वतःची लहान पोर त्याच टोळीनं मारलेली असते. तो सांगतो, मारू नकोस. नंतर चिडलेला जमाव जाळपोळ करायला निघतो, त्यालाही जॉन थोपवतो आणि राजधानीला फोन लावतो. 'कायदा हातात घेऊ नका' हे पिक्चर कानीकपाळी ओरडून सांगतो, आणि आपले फॉरवर्डवाले त्यातून नेमकं उलटं काढतात.

एक मान्य करते, जिवावर येऊन. कोर्टानं पूर्ण न्याय दिला नाही. खुनासाठी तिघांवर आरोप ठेवले होते. शेरीफच्या हाताखालचा अल्बर्ट फुलर दोषी ठरला, जन्मठेप झाली, तोही दहा वर्षांनी बाहेर आला. दुसरा सुटला. तिसरा, तेव्हाचा अॅटर्नी जनरल, मनोरुग्णालयात गेला आणि त्याच्यावर खटला कधी चाललाच नाही. आणि गार्ड आले नसते तर सगळे साक्षीदार गप्पच राहिले असते, हेही खरं.

'शंभर टक्के सत्य'? नाही. झीकच्या मुलीचा प्रसंग रचलेला आहे, मुख्य खलनायकही तसाच. 'पेपरवाले विकलेले'? नदीपलीकडच्या कोलंबसच्या लेजर ह्या पेपरला नेमकं ह्याच बातम्यांसाठी 1955 चं लोकसेवेचं पुलित्झर, म्हणजे पत्रकारितेतलं मोठं बक्षीस, मिळालं. बास.

'जनता मेंढरं' ह्याचा मात्र मला राग येतो. पिक्चर सुरू व्हायच्या आधी जवळजवळ तेरा मिनिटं एक वार्ताहर गावातल्या खऱ्याखुऱ्या माणसांशी बोलतो. नट नाहीत, तीच माणसं. त्यात पॅटरसनांची विधवा पत्नी आहे. त्यात ह्यू बेंटली आहेत, खेळाच्या सामानाचं दुकान चालवणारे. त्यांनी चार शेजारीपाजारी जमवून गावसुधारणेची संघटना काढली. 1952 च्या जानेवारीत त्यांचं घर सुरुंगानं उडवलं, घरातली माणसं नशिबानं वाचली. त्याच मे महिन्यात मतदान केंद्रावर घोटाळा होतोय का बघायला गेले, तर त्यांना आणि सोबत असलेल्या त्यांच्या मुलालाही लोकांदेखत मारलं. तरी माणूस मागं हटला नाही. पॅटरसन उभे राहिले ते ह्या लोकांनी आधी जमीन नांगरून ठेवली होती म्हणून. ह्यांना मेंढरं म्हणायचं?

आणि रामराज्य. जॉन पॅटरसन खरंच वडिलांच्या जागी अॅटर्नी जनरल झाला, पुढं 1959 ते 63 गव्हर्नरही. पण पिक्चर येऊन वर्षभरच झालं होतं, 1956 साली, त्यानंच कोर्टातून हुकूम आणून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संस्थेचं अलाबामातलं काम बंद पाडलं. सभासदांची यादी द्या, म्हणे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 1958 मध्ये यादी देण्याची सक्ती फेटाळली. त्याच साली क्लू क्लक्स क्लॅन ह्या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या टोळीच्या पाठिंब्यावर तो गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकला. पडद्यावरच्या जॉनचा हात धरून त्याला खुनापासून वाचवतो झीक, आणि खरा जॉन झीकसारख्यांच्या संघटनेलाच राज्याबाहेर घालवतो. म्हातारपणी त्यानं पश्चात्ताप बोलून दाखवला, ते ठीक. पण एक तारणहार आला की सुटलो, असं मानणाऱ्यांनी हा भाग तरी पुढं पाठवावा.

आता ती शेपटी. तात्या, तुम्ही कुंडलच्या शेजारचे, तुम्हाला मी काय सांगू? क्रांतिसिंह नाना पाटलांचं ते प्रति सरकार. 'पत्री' हे नाव लोकांनी शिक्षेवरून चिकटवलं, आणि शिक्षा कडक होत्या हे मी नाकारत नाही. पण 1943 पासून 46 पर्यंत ते टिकलं ते काय नुसत्या काठीवर? गावोगाव न्यायदान मंडळं होती. चावडीवर दोन्ही बाजू ऐकायचे, वाटणीचे, बांधाचे, सावकारीचे तंटे मिटवायचे. कमी खर्चात गांधी लग्नं लावायचे. आणि परकं सरकार उलथून लोकांनी आपलं कोर्ट बसवलं होतं ते. त्याला 'कोर्ट नको' म्हणणाऱ्यांच्या दावणीला बांधू नका.

राहिलं 'देणाऱ्यालाच आत टाकतात'. अर्धं खरं, आणि अर्ध्या खऱ्यानंच तात्या बुजले. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 1988 चा. त्यात 2018 ला बदल झाला आणि लाच देणं हाही थेट, स्वतंत्र गुन्हा झाला. पण त्याच कलमात पुढं लिहिलंय: बळजबरीनं द्यावी लागली आणि सात दिवसांत तक्रार केली, तर तो गुन्हा नाही. आणि आधीच लाचलुचपतवाल्यांना कळवून, त्यांच्या सापळ्यात पैसे दिले, तर त्याला ही तरतूद लागूच नाही. फॉरवर्डवाल्यानं पहिलं वाक्य घेतलं आणि बाकीचं गिळलं.

तात्यांनी तर अजून एक रुपयाही दिलेला नाही. आजी गेल्यावर वारस नोंदीसाठी अर्ज केला, एका कचेरीतल्या माणसानं पाच हजार मागितले, वर 'साहेबांना द्यावे लागतात' म्हणाला. तात्या एसटीत तीस वर्षं तिकिटं फाडलेला माणूस, एका रुपयाचा हिशेब चुकू न देणारा. 1064 ला, म्हणजे लाचलुचपतवाल्यांच्या नंबरला, फोन करायचं ठरवून बसले होते. मग तो मजकूर आला.

रविवारी मी त्यांना पिक्चरची ती पहिली तेरा मिनिटं दाखवली, थांबवून थांबवून मराठीत सांगत. बेंटलीच्या घराचं ऐकल्यावर म्हणाले, "घर उडवलं तरी गेला व्हय गं मतदानाला?" म्हटलं, गेला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. काकी चहा घेऊन आली तरी कप तसाच.

उद्या सकाळी त्यांना सांगलीला आणायचंय. आजीचा मृत्यूचा दाखला, सातबारा, अर्जाची पोच आणि त्या माणसाचा फोन रेकॉर्ड झालेला मोबाईल, सगळं एसटीच्या जुन्या खाकी पिशवीत भरून ठेवलंय. मोबाईल तेवढा रात्री चार्ज करा, असं मी दोनदा सांगितलंय.