एल्विन, नागालँड आणि अण्णाकाकांचा फॉरवर्ड

शनिवारी रात्री अकराला अण्णाकाकांनी घरच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. 'इंग्रज पाद्री व्हेरिअर एल्विन याने अभ्यासाच्या नावाखाली आदिवासींना बाटवलं. नेहरूंना सांगून नागालँडमध्ये साधूंना बंदी केली, म्हणून आज तिथे 88 टक्के ख्रिस्ती. हा ब्रिटिशांचा हस्तक. आदिवासींचा वेगळा धर्म ही यानेच उठवलेली आवई.' एरवी सोडून दिलं असतं. पण एल्विन म्हणजे आदिवासींचा नावाजलेला अभ्यासक, आणि माझी भाची मानववंशशास्त्रात एम.ए. करतेय, पुढच्या महिन्यात अक्कलकुव्याला आदिवासींमध्ये फील्डवर्कला निघालीय, आणि रविवारी सकाळी ताईचा फोन: "अरे, हे असलं शिकवतात का तिला? जाऊ देऊ की नको?"

नागालँडचं आधी घेतो, कारण ग्रुपवर सगळ्यांनी माना डोलावल्या त्या यावरच. नागालँडमधल्या आओ नागांमध्ये अमेरिकन बाप्टिस्ट मिशनचं काम सुरू झालं 1872 साली. एल्विन जन्मला 1902 साली. म्हणजे जन्माआधी तीस वर्षं याने कारस्थान रचलं! बाहेरच्यांना अडवणारी 'इनर लाइन' इंग्रजांनी 1873 साली आखली. ती ओलांडायला परवाना लागतो, भगवे कपडे की पांढरा झगा हे ती बघत नाही. आणि 1954 साली एल्विन सल्लागार झाला तो नेफाचा, म्हणजे आजच्या अरुणाचलचा. तिथे त्या काळात मिशनऱ्यांना काम करायला मज्जाव होता. 2011 च्या जनगणनेत अरुणाचलमध्ये ख्रिस्ती साधारण 30 टक्के, हिंदू 29. काकांचे 88 टक्के शेजारच्या राज्याचे आहेत. त्याच्या 'अ फिलॉसॉफी फॉर नेफा'ला नेहरूंची प्रस्तावना आहे. त्यातला पहिलाच मुद्दा असा की या लोकांनी आपल्या प्रकृतीप्रमाणे वाढावं, वरून काही लादू नये. पुस्तक मिळतं. काकांनी तेवढी प्रस्तावना वाचली तरी पुरे.

पाद्री होता का? होता. 1927 साली तो इंग्लंडहून आला तो आपल्या पुण्यातच, ख्रिस्त सेवा संघात. पण पुढे गांधीजींच्या नादी लागला, आणि 1932 साली श्यामराव हिवाळे या मराठी मित्राबरोबर मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांमध्ये जाऊन राहिला. तिथे धर्मप्रचार करणार नाही म्हणाला, म्हणून बिशपशी बिनसलं. 1935 साली चर्चच सोडलं. 1944 साली तर मंडल्यातल्या मिशनऱ्यांविरुद्ध त्याने रीतसर मोहीम उघडली. फॉरवर्डवाल्याला हे कळलं तर उद्या एल्विनच्या फोटोला हार घालेल.

हस्तक वगैरेवर शाई घालवत नाही. 4 जानेवारी 1932 च्या पहाटे मुंबईत मणिभवनवर पोलीस गांधीजींना पकडायला आले, तेव्हा हे हस्तक आणि श्यामराव तिथेच गच्चीवर झोपलेले होते.

वेगळ्या धर्माचं मात्र थोडं थांबून. ओडिशातल्या सावरा आदिवासींवर त्याने 1955 साली जाडजूड पुस्तक काढलं. त्यांच्यात कुरानबोई म्हणजे देवऋषीण असते. तिचं लग्न पाताळातल्या आत्म्याशी लागतं, तिथे तिला मुलंबाळंही होतात, आणि इथे वर चारचौघींसारखा नवरा-संसारही असतो. घरात कुणी आजारी पडलं की लाल मातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्र काढायचं, म्हणजे त्रास देणाऱ्या पूर्वजाला राहायला घर मिळतं. हे ऑक्सफर्डच्या माणसाने उठवलं? त्याने टिपून घेतलं. याला हिंदू म्हणायचं की निराळं, हा वाद खरा आहे. समाजशास्त्रज्ञ घुर्यांनी, म्हणजे आपल्या इरावतीबाई कर्व्यांच्या गुरूंनी, 1943 साली एल्विनला त्यावरून चांगलंच धारेवर धरलं. बैगा आदिवासींसाठी राखीव 'नॅशनल पार्क' करा, ही त्याची 1939 ची सूचना खरंच अघोरी होती. माणसं म्हणजे काय वाघ आहेत? पुढे त्यानेही ती सोडली. पण घुर्यांनी वाद घातला तो पुस्तक लिहून, मेसेज ढकलून नाही.

भाची अक्कलकुव्याला जाणार. ताईला तसं सांगितलंय.

आणि काका, एल्विनवर तुटून पडायचंच असेल तर जागा आहे. 1940 साली त्याने कोसी या कोवळ्या वयाच्या गोंड मुलीशी लग्न केलं, 1949 साली घटस्फोट घेतला, आणि आत्मचरित्रात तिला जेमतेम जागा दिली. तुमच्या एवढ्या लांब मेसेजमध्ये तिचं नावही नाही.