वाहन मेंढा

लुधियान्याला थंडी पडली की बेळगावात मला स्वेटर घालावा लागतो. यात हवामानशास्त्र काही नाही, सासुरवाडी आहे. माझा मेहुणा फौजेत, गेली तीन वर्षं तिकडं पंजाबात. ऑक्टोबर सरत आला की रोज रात्री नेमका जेवायच्या वेळेला त्याचा फोन येतो आणि बहीण-भाऊ पंधरा मिनिटं पारा, पाऊस आणि धुकं यांवर बोलतात. 'पश्चिमी विक्षोभ' हा शब्द आता आमच्या घरात कढीपत्त्याइतका रुळलाय. हा विक्षोभ भूमध्य समुद्राकडून निघतो, इराण-अफगाणिस्तान ओलांडून पंजाबात येतो, पाऊस टाकतो आणि पुढं सरकतो. मग आभाळ निवळतं, वारा पडतो, रात्री जमीन गार होते आणि पहाटे त्या ओल्या रानावर धुकं बसतं. बायकोला हे सगळं तोंडपाठ. डोंगरातल्या जांबोटीकडचा ढग आमच्या गच्चीवरच्या बनियनांवर कधी येऊन उभा राहतो, हे मात्र तिला कुणी सांगत नाही.

टीव्हीवाल्यांचंही तेच. दिल्लीत धुकं पडलं की निवेदक स्वतः धुक्यात उभा राहतो आणि काही दिसत नाही, हे आपल्याला दाखवतो. आम्ही समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, एका हाताला सह्याद्री, त्याच्यापलीकडं गोवा. धुकं काय आम्हाला नवं आहे? हवामान खात्याच्या हिशेबानं एक किलोमीटरपलीकडचं दिसेनासं झालं की ते धुकं. आमचा हिशेब सोपा. दुसऱ्या रेल्वे गेटवरून पहिलं गेट दिसलं नाही की धुकं. (गेट पडलेलं असतं तेव्हा ही तपासणी करायला वेळही भरपूर मिळतो.)

तर स्वेटर. लुधियाना म्हणजे लोकरी कपड्यांचं माहेर. मेहुण्यानं गेल्या सुट्टीला येताना माझ्यासाठी वांगी रंगाचा एक स्वेटर आणला. तो घडी घातली तरी बसत नाही, बसवला तर कपाटाचं दार लागत नाही. पंजाबातल्या जानेवारीसाठी विणलेली ती वस्तू मी बेळगावात घालायची, कारण 'त्यानं एवढ्या मायेनं आणलाय'.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी रात्री फोन आला. या वेळी मलाच.

"दाजी, उद्या गावाकडं जाऊन या की. भात कापून पडलंय आणि बाबा ताडपत्री घालून घेईनात. इथं सकाळपासनं पाऊस पडूलालाय."

लुधियान्याचा पाऊस किणयेच्या पुढं, सासऱ्यांच्या रानात यायला दीड हजार किलोमीटरच्या वर अंतर कापावं लागेल, हे मी त्याला सांगू शकलो असतो. पण फोन स्पीकरवर होता.

रविवारी सहाला निघालो. स्वेटर घातला, त्यावर जर्किन चढवायला गेलो तर चेन छातीच्या खालीच अडकली. "राहू दे ते," बायको म्हणाली, "पाऊस गेला आता. आता धुक्याचे दिवस." जर्किन खुंटीला राहिलं. पिरनवाडीपर्यंत चष्म्यावर इतकं पाणी जमलं की चष्मा काढला तरी दिसेना आणि घातला तरी दिसेना. मी समोरच्या दुधाच्या टेम्पोच्या लाल दिव्यामागं भक्तिभावानं चाललो होतो. टेम्पो एका गोठ्यापाशी थांबला तेव्हा मीही गोठ्यात होतो.

सासऱ्यांच्या रानात पोचलो तेव्हा इंद्रायणी भात कापून वाफ्यात पसरलेलं. सासरे बांधावर पंचांग घेऊन बसलेले. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला पंचांगात एक प्राणी वाहन म्हणून असतो आणि त्यावरून पावसाचा अंदाज बांधतात.

"मामा, ताडपत्री—"

"स्वाती लागलीया. वाहन मेंढा. मेंढा म्हंजे पाऊस न्हाई." त्यांनी पंचांग मिटलं. "बेडूक, म्हस, हत्ती असतं तर मीच तुमाला बलीवलो असतो. उन्हात वाळूलालंय ते झाकूलाल्यासा कशाला?"

'पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती' असं आम्ही लहानपणी ऐकलेलं. पण ते मोती पूर्वेकडच्या ज्वारीचे. तिकडं अथणीकडं शेतकरी या दिवसांत आभाळाकडं आशेनं बघतो, आणि इकडं आमचा, कापलेलं भात शेतातच उगवून येईल या भीतीनं. जिल्हा एकच. पश्चिमेला घाटातल्या कणकुंबीला जेवढा पाऊस पडतो त्याच्या पावपटही पूर्वेच्या गोकाकपर्यंत पोचत नाही. अशा जिल्ह्यात राहून नेमका अंदाज सांगणाऱ्यानं एक तर खोटं बोलावं, नाही तर पंचांग बाळगावं.

साडेनऊला धुकं उठलं. अकराला ऊन असं तापलं की स्वेटरच्या आत माझाच हुरडा व्हायला लागला. काढला, कमरेला बांधला. सासूबाईंनी ताक दिलं. जेवण झालं, डुलकी झाली. सासरे जिंकल्यासारखे बिडी ओढत होते. मीही मनात मेहुण्याला ऐकवायची दोन-चार वाक्यं तयार केली.

तीनच्या सुमारास डोंगराकडनं वारं आलं. त्या वाऱ्याला ओल्या मातीचा वास होता. सासऱ्यांनी बिडी विझवली, पंचांग छातीपाशी बंडीत खुपसलं आणि एकही शब्द न बोलता पळायला लागले. सत्तरी उलटलेला माणूस इतका पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. मग मी, सासूबाई, शेजारचे दोघं आणि ज्याचा या भाताशी काही संबंध नव्हता असा रस्त्यानं चाललेला एक पोस्टमन, सगळे पेंढ्या गोळा करायला लागलो. ताडपत्री मिळाली, पण तिच्यावर कुत्री निजलेली होती आणि ती उठेना. उठली तेव्हा थेंब टपोरे झाले होते. एक टोक ओढलं की दुसरं उघडं पडे.

"अवो, डोक्यावर घ्या ते! मी सांगतो ऐका, थंडी बाधंल!" सासूबाईंनी माझ्या कमरेचा स्वेटर सोडवून डोक्यात घातला. घाईत मी तो पुरता अंगातच घातला. ही चूक झाली. लोकर पाणी किती पिते हे लुधियान्यात कुणी सांगत नाही. पाऊस थांबला तेव्हा बाह्या गुडघ्यापर्यंत आल्या होत्या, वजन एका करडाएवढं झालं होतं, आणि ओली डांबरगोळी आणि ओलं जनावर यांच्या मधला एक वास सुटला होता.

भात तीन हिस्से वाचलं. सासऱ्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग पंचांग काढून हातानं पुसलं.

"बगा," ते म्हणाले, "मेंढा न्हवता का?"

घरी आल्यावर स्वेटर पिळायला आम्ही दोघं लागलो, एका टोकाला मी, दुसऱ्याला बायको. चार दिवस झाले, अजून गच्चीवर ठिबकतोय. सकाळी धुकं त्याला भिजवतं, दुपारी ऊन वाळवतं, संध्याकाळी जांबोटीचा ढग येऊन हिशेब बरोबर करून जातो. काल रात्री फोन आला. बायको बराच वेळ "होय? होय?" करत होती. फोन ठेवून माझ्याकडं वळली.

"त्याच्याकडं कडक ऊन पडलंय म्हणे. उद्या तुम्ही हाफ शर्ट घाला."