'हा सगळा जिद्दीचा प्रश्न आहे' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

बारा महिने सिक्स पॅक टिकवण्याचा हट्ट बहुतेकांनी धरू नये, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमची खरमरीत प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं असं : शरीराची स्वतःची चरबीची पातळी असते ही आळशी माणसांची पळवाट आहे. तुमच्या जिमचे ट्रेनर वर्षभर कापलेले (चरबी उतरून स्नायू रेखीव दिसणारे) दिसतात, म्हणजे ते जमतं. आणि तुम्ही स्वतः दिवाळीपासून शरीरातल्या चरबीच्या नऊ टक्क्यांवर आहात. रात्री भुकेनं झोप लागत नाही, भर उन्हाळ्यात हात गार पडतात, घरी चिडचिड होते, पण 'जिद्द असेल तर माणूस सहन करतो'.

यातलं शेवटचं वाक्य वाचून काळजी वाटली, म्हणून सविस्तर लिहितो.

खर्चापेक्षा कमी खाल्लं की चरबी उतरते, याबद्दल आपला वाद नाहीच. वाद आहे तो उतरल्यानंतरचा. 1994 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला लेप्टिनचं जनुक सापडलं. चरबीच्या पेशी हे संप्रेरक (हार्मोन) रक्तात सोडतात आणि साठा किती आहे हे त्यावरून मेंदूला कळतं. साठा घटला की लेप्टिन घटतं, आणि मेंदू त्याचा अर्थ एकच लावतो : दुष्काळ. मग भूक वाढते, थायरॉइड ग्रंथीचं टी-थ्री हे संप्रेरक खाली येतं, लैंगिक संप्रेरकं कमी होतात, माणूस नकळत हालचाल कमी करतो. तुमचे गार हात हा त्याचाच भाग असण्याची शक्यता मोठी आहे. तुम्ही सिक्स पॅक कमावलेत की खरोखर उपाशी आहात, हा फरक मेंदूला करता येत नाही.

न्यूयॉर्कच्याच कोलंबिया विद्यापीठात लीबेल आणि रोझेनबॉम या संशोधकांनी लोकांचं वजन दहा टक्क्यांनी उतरवून तिथंच धरून ठेवलं. त्यांचा ऊर्जेचा खर्च नव्या वजनाच्या हिशेबानं व्हायला हवा होता त्याहूनही खाली गेला. पुढे त्यांना लेप्टिनचे लहान डोस देऊन ते आधीच्या पातळीवर आणलं, तेव्हा वजन उतरलेलंच असूनही खर्च आणि थायरॉइडची संप्रेरकं बरीचशी पूर्ववत झाली. तुमच्या मुद्द्याचं उत्तर मला इथे सापडतं. जे संप्रेरकाच्या इंजेक्शननं बदलतं, त्याला माणसाच्या स्वभावातली उणीव म्हणायचं कसं?

जिद्दीबद्दलच बोलायचं तर अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला 1944-45चा प्रयोग आठवा. युद्धानं उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं पोसायचं हे समजावं म्हणून 36 निरोगी तरुण स्वेच्छेनं अर्धपोटी राहिले. बंदूक उचलायला तत्त्व म्हणून नकार दिलेली ही मुलं. सहा महिने बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असं मोजकं जेवण आणि आठवड्याला सुमारे 35 किलोमीटर चालणं. वजन जवळजवळ चतुर्थांशानं उतरलं. त्यांना सतत थंडी वाजे, कामेच्छा गेली, ताटं चाटून पुसली जात, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर चरबी आधीच्या पातळीच्याही पुढे गेली आणि स्नायू मागे राहिले. या मुलांना आळशी म्हणायची माझी तयारी नाही, तुमचीही नसेल.

'ते उपाशी होते, मी प्रोटीन मोजून खातो आणि वजनं मारतो,' असं तुम्ही म्हणाल. ठीक. 2013 साली एका शरीरसौष्ठवपटूचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधं न घेणारा, शिस्तीचा, जाणकार खेळाडू. स्पर्धेच्या तयारीत त्याची चरबी 14.8 टक्क्यांवरून 4.5वर आली. नाडी मिनिटाला पन्नाशीच्या वर होती ती 27 झाली. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक मिलिलिटरमागे 9.22 नॅनोग्रॅमवरून 2.27वर आलं. स्पर्धेनंतर त्यानं खाणं वाढवलं, वजन वाढू दिलं, आणि बहुतेक आकडे सहा महिन्यांत जागेवर आले. त्याच्यासाठी ती अवस्था एका तारखेपुरती होती. स्टेजवरून उतरल्यावर तिथून परत यायचं असतं, हे औषधाविना खेळणारे चांगले खेळाडू जाणतात. ही गोष्ट पोस्टरवर दिसत नाही आणि जिममधल्या पोरांना कुणी सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुमच्या ट्रेनरना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांच्यावर शंका घेणार नाही. काही माणसांची मूळ पातळीच खाली असते, त्यांना दहा टक्के सहज पेलतात. शिवाय दिवसभर उभं राहून काम करणारा माणूस आणि नऊ तास खुर्चीत बसणारा माणूस यांचा खर्च वेगळा. जिथे स्टेरॉइड घेतली जातात तिथे टेस्टोस्टेरॉन बाहेरूनच येतं, मग हा सगळा हिशेबच बदलतो. आणि जिममधल्या मशीनचे नऊ टक्के फार गंभीरपणे घेऊ नका. ते यंत्र शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधतं, कमी पाणी पिऊन उभं राहिलात तर आकडा बदलतो.

आता आपल्या लोकांबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, 22.3. युडकिन यांची चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. बारीक दिसणाऱ्या आपल्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, हे यातून एका नजरेत कळतं. म्हणजे आपण चरबीकडे लक्ष द्यायलाच हवं, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण धोका पोटाच्या आत, यकृताभोवती साठणाऱ्या चरबीचा असतो. पुरुषांनी कंबर 90 सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांनी 80च्या आत ठेवली, स्नायू वाढवले, तर त्यातलं बरंच साधतं. वाढलेलं वजन पाच-दहा टक्क्यांनी उतरलं तरी साखर आणि रक्तदाब सुधारतात. बारावरून आठ टक्क्यांवर आल्यानं मात्र पोटावरच्या रेघा ठळक होतात, आरोग्यात तशी भर पडत नाही.

ही चर्चा मुलीही वाचत आहेत, म्हणून एवढं ठळकपणे सांगतो : व्यायाम आणि डाएट करताना पाळी थांबली तर ती मेहनतीची पावती समजू नका. शरीराला मिळणारी ऊर्जा अपुरी पडते आहे, हाडं झिजू शकतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2014 साली या अवस्थेवर स्वतंत्र निवेदन काढलं आणि ती पुरुष खेळाडूंनाही होते, हे त्यात स्पष्ट म्हटलं.

तर तुमच्याबद्दल. झोप जाणं, थंडी वाजणं, चिडचिड, आणि हे सगळं दिवाळीपासून. एवढ्या चिकाटीनं जे करताय ते स्वतःच्या विरोधात जाऊ नये, एवढीच इच्छा आहे. एकदम पिझ्झ्यावर तुटून पडू नका. दर आठवड्याला रोजच्या खाण्यात शंभर-दीडशे कॅलरींची भर घाला : एक भाकरी जास्त, मूठभर शेंगदाणे, रात्री झोपण्याआधी दूध. प्रोटीन आणि वजनांचा व्यायाम आहे तसाच चालू ठेवा. दोन-चार किलो वाढतील, ते वाढू द्या. आणि डॉक्टरांना भेटून रक्त तपासून घ्या. थायरॉइडची फक्त टीएसएच ही नेहमीची चाचणी करू नका, या अवस्थेत ती नॉर्मल येऊनही टी-थ्री खाली असू शकतं. टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी द्या, कारण दुपारी तो आकडा तसाही उतरलेला असतो.